दोन संगणकांपुरता आवाज

थोरलीने उशीची शिवण दाताने तोडली. आतला कापूस मुठीमुठीने बाहेर काढला, चिवडला, जमिनीवर टाकला. काही नाही. मग दुसरी उशी. मग तिसरी, जिच्यावर हल्ली कोणीच झोपत नव्हतं.

दारात आई उभी होती. बोटातली अंगठी तिने चौकटीवर वाजवली.

टक टक.

दोनदा म्हणजे नाही. एकदा म्हणजे हो. घशाच्या शस्त्रक्रियेनंतर आईचा आवाज गेला आणि घरात एवढी दोनच अक्षरं उरली. बाकी सगळं फ्रिजच्या दारावर, फळ्यावर लिहायच्या पेनने.

"मग कुठे? कार्ड तूच ठेवलंस ना? मी तर डोळ्यांनी पाहिलंही नाही ते."

आईने खांदे उडवले. आठवत नाही.

आठवत नाही! टक्कल पडलेले विद्यार्थी रस्त्यात भेटले, तर त्यांचे हजेरीचे क्रमांक सांगणारी ही बाई. शाळेत हिला सगळे पाढेबाई म्हणतात. एक हाताएवढं कार्ड, त्यावर पंचवीस अक्षरं, आणि ते कुठे ठेवलं हे पाढेबाईंना आठवत नाही.

टेबलावर नवा संगणक उघडा होता. पडद्यावर पाच रिकाम्या चौकटी, आणि पहिल्या चौकटीत एक उभी रेघ लुकलुकत होती, काय ते लवकर बोला म्हणत असल्यासारखी.

*आपली किल्ली टाका.*
*_____ – _____ – _____ – _____ – _____*

शस्त्रक्रियेआधी आईने आवाज भरून ठेवला होता. कपड्यांच्या कपाटात खुर्ची घालून, दार लावून, कारण कपड्यांमध्ये आवाज घुमत नाही. कंपनीने वाक्यांची थप्पी पाठवली होती, ती आई रोज शाळा सुटल्यावर कपाटात बसून वाचायची. स्वतःची वाक्यंही घातली तिने त्यात. "चूक" हा शब्द तीन तऱ्हांनी म्हणून ठेवला: रागाने, कंटाळून आणि हसू दाबत. "शाब्बास" मात्र एकदाच. एकदा पुरतं, म्हणाली होती.

त्या थप्पीतून कंपनीने आईचा आवाज बनवला. टंकलं की संगणक बोलायचा, अगदी आईसारखं, नाकात थोडं. संगणक घेऊन आई वर्गात परतली. मुलं पहिल्या दिवशी घाबरली, दुसऱ्या दिवशी हसली, तिसऱ्या दिवशी गृहपाठ न करता आली. सगळं सुरळीत झालं.

मग शाळेच्या जिन्यात आईच्या हातातून संगणक सुटला. पायऱ्या मोजत मोजत खाली गेला.

दुरुस्तीवाल्याने तो उघडला आणि जिभेने च्यक केलं.

"मॅडम, हा गेला. वरून धडधाकट दिसतो, पण आत भुगा झालाय. नवा घ्या. तो कार्यक्रम मी टाकून देतो त्यात. आवाज कंपनीकडे जपून असेल, काळजी नको. फक्त किल्ली लागेल, कंपनीच्या कार्डावरची."

"आणि किल्ली नसेल तर?" थोरलीने विचारलं.

"तर नमुन्याचा आवाज आहे की. फुकट."

नमुन्याचा आवाज एका तरुण, उत्साही माणसाचा होता. लग्नात पाहुण्यांना जेवायला बसा बसा म्हणत फिरणाऱ्याचा असतो तसा. आईने पहिलंच वाक्य टंकलं: हा कोण मेला?

"हा कोण मेला?" माणसाने आनंदाने विचारलं. "आपण नमुना आवाज ऐकत आहात."

प्रत्येक वाक्यामागे ते शेपूट. थोरली तेव्हा हसली होती. आई हसली नव्हती. तिने आणखी एक वाक्य टंकलं.

"सात सत्ते एकोणपन्नास. आपण नमुना आवाज ऐकत आहात."

आणि आईने झाकण बंद केलं.

*ही किल्ली ओळखता आली नाही. पुन्हा प्रयत्न करा.*

थोरलीने काहीबाही टाकून पाहिलं. शाळेचं नाव. आईचा जन्मदिवस. स्वतःचा. तिला ठाऊक होतं हा वेडेपणा आहे. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते, दिवसभर लोकांच्या दंडावर पट्टा बांधून शीर शोधते. शीर सापडली नाही तर अंदाजाने सुई खुपसायची नसते, हे नव्या पोरींना तीच शिकवते. तरी ती खुपसत राहिली.

*आपण खूप वेळा चुकला आहात. थोड्या वेळाने या.*

"हा तुझाच भाऊ दिसतोय," ती आईला म्हणाली. आईने गालातल्या गालात हसून चहाचा कप उचलला. तिला आता फुंकर मारता येत नाही. श्वास मानेतल्या भोकातून येतो, तोंडातून नाही. डब्याच्या झाकणाने ती चहाला वारा घालत बसली.

किती शांत बसली होती!

उद्या सकाळी वरचे साहेब वर्गात येऊन मागच्या बाकावर बसणार होते. यंत्राने बोलणारी शिक्षिका शिकवू शकते की नाही, हे ते तासभर पाहून ठरवणार. नाही ठरलं तर आईची रवानगी कपाटांच्या खोलीत. तिथे तुटलेले नकाशे असतात आणि एक पंखा. पगार तोच. मुलं नाहीत. त्या खोलीचं पत्र वाचून आई दोन दिवस जेवली नव्हती. आणि आज झाकणाने चहाला वारा घालत होती.

थोरलीने स्वयंपाकघरातले डबे उपडे केले. पुस्तकांची पानं झटकली. आईच्या सगळ्या पर्सा, सगळ्या पिशव्या, औषधांचा डबा, भिंतीवरच्या आरशाची मागची बाजू. आई मागे मागे फिरत होती, आणि थोरली कुठेही हात घालायच्या आधी टक टक करत होती. इथे नाही. इथेही नाही.

आतल्या खोलीत, पलंगाखाली, पत्र्याची पेटी होती.

थोरली तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. पेटी तिनेच भरली होती आणि तिनेच पायाने आत ढकलली होती. तेव्हापासून झाडतानासुद्धा कोणी केरसुणी तिथवर नेत नव्हतं.

या वेळी मागून टक टक आलं नाही.

तिने वळून पाहिलं. आई खिडकीतून बाहेर बघत होती.

पेटी ओढली तर चाकं असल्यासारखी अलगद आली. झाकणावर धूळ नव्हती. आत धाकट्या भावाचा शाळेचा पट्टा, एका बाजूने झिजलेले बूट, निळी कानटोपी. कानटोपीच्या घडीत कार्ड.

*आपली किल्ली टाका.*

तिने एकेक अक्षर टंकलं. प्रत्येक अक्षर कार्डाशी ताडून पाहिलं. शेवटच्या चौकटीतलं शेवटचं अक्षर पडलं आणि तिने डोळे मिटून बटण दाबलं.

*किल्ली योग्य आहे.*
*ही किल्ली दोन संगणकांवर वापरात आहे. तिसऱ्या संगणकासाठी जागा नाही.*

"नाही हो, एकच संगणक आहे आमच्याकडे," ती फोनवर म्हणाली. मदतीचा क्रमांक लागायला बराच वेळ गेला होता, आणि तोवर वाजणारी धून तिच्या डोक्यात खिळ्यासारखी बसली होती. "एकच होता. तोही मेला."

"एक मेला असेल, ताई," पलीकडची बाई म्हणाली. आवाजावरून ती दमलेली आणि भली वाटत होती. "दुसरा चालू आहे. आज सकाळीच वापरलाय."

"चोरली असेल कोणी किल्ली. काढून टाका त्याला."

"इथून नाही काढता येत. ज्याच्याकडे आहे त्यानेच सोडायची असते. त्याच्या पडद्यावर 'सोडा' असं बटण आहे. एका मिनिटाचं काम."

"मग मेलेला काढा! मेलेला कसा सोडणार?"

"मेलेल्याचा अर्ज वेगळा. दुरुस्तीवाल्याचा दाखला, आईंची सही... आठवडा धरा."

"उद्या सकाळी तपासणी आहे हो. आईला बोलायचंय उद्या. तुमच्या घरी आई आहे की नाही?"

"आहे. रोज बोलते, फार बोलते." मग बाई हळूच म्हणाली, "माझ्या हातात असतं तर केलं असतं. पण माझ्याकडे ते बटणच नाही. थांबा, दुसऱ्या संगणकाचं नाव सांगते, ओळखीचं आहे का बघा. विचित्रच आहे. बोका. मांजरांतला असतो ना, तो."

थोरलीने फोन ठेवला. बाईला बरं म्हणायचंही राहून गेलं.

गणित.

एका किल्लीवर दोन संगणक चालतात. एक जिन्यात पडून मेला. दुसरा बोक्याकडे आहे. बोका आवाजासकट दूरच्या गावात राहतो. तर उद्या सकाळी वर्गात उभ्या असलेल्या बाईंकडे आवाज किती उरला?

(रीत दाखवा. नुसतं उत्तर चालणार नाही.)

रीत अशी: बोका धाकटा. लहानपणी चोरून साय खायचा म्हणून आईनेच ठेवलेलं नाव. आईच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री तो घरी यायला बसमध्ये बसला आणि मध्येच कुठल्या तरी थांब्यावर उतरला. तिथेच बाकावर बसून राहिला, फोन बंद करून. का, ते त्यालाही सांगता आलं नाही. इकडे थोरलीने एकटीने सह्या केल्या. आईला चाकांच्या खाटेवरून आत नेत होते. दारापाशी आईने मान वळवून विचारलं, "बोका आला का?" थोरली म्हणाली, "येतोय." दार बंद झालं.

आईचे स्वतःच्या घशातून आलेले शेवटचे शब्द ते. बोका आला का. थोरली शेजारी होती, तिचा हात आईच्या हातात होता, आणि शेवटचे शब्द त्याच्यासाठी.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला तेव्हा थोरलीने सांगितलं, "या घरात पुन्हा फोन करायचा नाही." आणि पेटी भरली.

"तुला सगळं माहीत होतं."

आई फ्रिजला टेकून उभी होती. तिने फ्रिजच्या दारावर अंगठी वाजवली. टक.

"किल्लीही पाठ असेल."

टक.

"उशा फाडल्या मी! वेड्यासारखी पिठाचे डबे उपसतेय, आणि तू मागे टक टक करत फिरतेस? उद्या काय करणार आहेस? खाणाखुणा?"

आईने पेनचं टोपण काढलं. गणित घालताना लिहायची तशा ठसठशीत अक्षरांत लिहिलं.

*मी संदेश पाठवते. तो तिकडे टंकतो. मग त्याला माझ्या आवाजात ऐकू येतं.*

खाली थोडी जागा उरली होती.

*मला मुलं सांभाळून घेतील. तो एकटा आहे.*

थोरलीने ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवेना, म्हणून तिने ओल्या फडक्याने दार पुसून टाकलं. मग हात पुढे केला.

"फोन दे तुझा. माझ्या फोनमध्ये त्याचा नंबर नाही. कुठल्या नावाने ठेवलायस?"

आईने फोन दिला नाही. थोरलीने तो तिच्या हातातून काढून घेतला. बोका नव्हता. धाकटा नव्हता. वरून खालपर्यंत नावं सरकवताना तिचं बोट एकदम थांबलं.

"नळदुरुस्ती?"

आईने मान खाली घातली. रोज सकाळी चहाच्या वेळी आईच्या फोनवर "नळदुरुस्ती" लुकलुकायचं. आणि थोरली म्हणायची, केवढा गळतो गं आपला नळ.

एकाच घंटेला त्याने फोन उचलला. तिने फोन टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"आई? आत्ता? सगळं ठीक ना? वाजव."

आईने दोन्ही हात पाठीमागे नेले होते.

"आई? वाजव ना गं. घाबरवू नकोस."

थोरलीने बोटाचं पेर टेबलावर आपटलं. टक.

"हां. जीव गेला होता माझा. उद्या तपासणी ना? नवा संगणक आला?"

टक.

"मग झालं तर. साहेबाला सतराचा पाढा विचार उलटा, पळून जाईल." तो हसला. नाकात थोडं, आईसारखं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ताई घरात आहे?"

टक.

"अजून रागावलीय?"

पेर हवेत राहिलं. थोरलीने आईकडे पाहिलं नाही. टेबलाच्या लाकडात एक जुनी चीर होती, तिच्याकडे पाहिलं.

टक.

मग बराच वेळ.

टक.

"कळलं नाही, आई. एकदा की दोनदा? मध्ये एवढा वेळ घेतलास."

"दोनदा," थोरली म्हणाली.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. एखादं वाहन गेलं असेल, तेवढं घरघरलं.

"ताई."

"बोक्या, एक काम आहे." ती घाईघाईने बोलू लागली, थांबली तर बोलता येणार नाही अशा भीतीने. "तुझ्याकडची किल्ली सोड. इथला नवा चालू होत नाही. जागा नाहीये. तुझ्या पडद्यावर 'सोडा' म्हणून बटण आहे बघ."

"थांब. उघडतो." कळा वाजल्या. त्याने का, कशाला, काही विचारलं नाही. "सापडलं. दाबू?"

टक टक.

आई टेबलापाशी आली होती.

"हे कोण? ताई, तू?"

"आई."

"आई, अगं तपासणी आहे तुझी. माझं काय, मी वाचेन संदेश. वाचता येतं मला, तूच शिकवलंयस."

टक टक.

"एकदा सोडली की परत मिळेल ना मला?"

"आठवडाभराने. मिळाली तर." थोरलीला खोटं बोलता आलं असतं. पण चाकांच्या खाटेपाशी एकदा बोलून झालं होतं.

तो म्हणाला, "सोडायची कशाला? मी संगणकच घेऊन येतो. संध्याकाळची बस आहे. सकाळी शाळा भरायच्या आत तिथे. आई तोच घेऊन जाईल वर्गात."

थोरली फोनवर वाकली.

"मागच्या वेळीही बसमध्ये बसला होतास."

"हो."

"बोक्या, बटण दाब. ऐक माझं. तू आलास तरी चांगलं, नाही आलास तरी..." तिला पुढचं म्हणता येईना. "आत्ता दाब. इथे मला दिसू दे पडद्यावर, जागा झाली म्हणून."

टक.

आईने असं वाजवलं की चमचा कपात हलला. एकदा. थोरलीच्या बोलण्याचं उत्तर नव्हतं ते. तो मघाशी येतो म्हणाला होता, त्याचं होतं. घेऊन ये.

"आई, आणि नाही आला तर? कोऱ्या फळ्यासारखी उभी राहणार आहेस का साहेबांसमोर?"

टक.

आईचे डोळे फोनवर होते. वर्गात एखादं पोर उत्तर देता देता अडकलं की ती अशीच बघायची. पुढचं सांगायची नाही. वाट बघायची.

फोनमधून श्वास ऐकू येत होता. तोही वाट बघत होता.

पडद्यावर अजून तेच होतं. *तिसऱ्या संगणकासाठी जागा नाही.* खाली दोन बटणं. *पुन्हा प्रयत्न करा. नंतर.* थोरलीचं बोट पहिल्या बटणावर गेलं. तिथे थोडं थांबलं. मग सरकलं, आणि तिने दुसरं दाबलं. चौकट मिटली.

"चार्जर विसरू नकोस," ती म्हणाली. "नेहमी विसरतोस."

"नाही विसरत."

"आणि संगणक मांडीवर घेऊन बस. वर सामानात टाकू नकोस."

"बरं, ताई."

आईने टेबलावरचा फोन उचलला आणि दोन्ही अंगठ्यांनी भराभर लिहू लागली. लिहून झाल्यावर फोन पुन्हा टेबलावर ठेवला, पडदा वर करून. पलीकडे किणकिणलं. कळा वाजल्या. मग त्या लांबच्या खोलीतून, त्या छोट्याशा फोनमधून, कपड्यांच्या कपाटात बसून भरून ठेवलेला आवाज स्वयंपाकघरात आला, नाकात थोडा, मागे कुठलंही शेपूट नसलेला.

"गार वारा असतो. मफलर बांध. कानटोपी इथेच राहिली आहे. आणि बसमधून मध्येच उतरू नकोस."

आईने मान तिरकी करून ऐकलं, जणू दुसऱ्या कोणीतरी म्हटलेलं ती तपासत होती. फोन तसाच चालू होता. पलीकडे पेटी की पिशवी काहीतरी उघडल्याचं वाजत होतं.

थोरली खाली बसली आणि जमिनीवरचा कापूस गोळा करू लागली. बराच पसरला होता, टेबलाच्या पायांपर्यंत. सुई-दोरा शोधायला हवा होता. दोन उशा राहिल्या तरी चालल्या असत्या. तिसरी आजच शिवून ठेवायला हवी होती.